छाट

माझी आई विड्या वळते.
हजाराचा हिशेब, पंचवीसचा कट्टा.
कारखान्यात चेकर बोटांनी दाबून बघतो
आणि काही बाजूला टाकतो : छाट.
छाटीचे पैसे मिळत नाहीत.

मीही हजारच मोजते.
एक खोकं ट्रॅक्टरवर, एक सिटी बसवर,
सेकंदाला दहा वेळा ती हवेत बोलतात :
इथे आहे. एवढ्या वेगात आहे. या दिशेला. ब्रेक दाबला.
तीनशे अक्षरांचं पाकीट,
त्यात ‘कसं काय, बरंय का’ला जागा नाही.
हजारातली किती पोचली ते मी रात्री लिहिते.
न पोचलेल्यांना प्रबंधात लांबलचक इंग्रजी नाव आहे.
वहीत मी छाट म्हणते.

ऑक्टोबरात सगळं पोचत होतं.
रिकाम्या ट्रॉल्या, मोकळा होटगी रोड,
हजारात तीन छाट. सरांनी चहा पाजला.
दिवाळीनंतर गाळप सुरू झालं
आणि माझा आलेख तोंडावर पडला.

ऊस म्हणजे उभं पाणी.
ट्रॉलीत रचला की आडवं पाणी, दोन पुरुष उंच,
आणि पाणी लहरी पिऊन टाकतं.
एकीमागे एक दोन ट्रॉल्या,
मागचा लाल दिवा गेल्या हंगामातच फुटलेला,
मागच्याला दिसत नाही
आणि आता माझ्या बसला ऐकूही येत नाही.
हजारात चारशे एकवीस.

आमच्या गल्लीतला अंबादास गाजूल
बोरामणीच्या अलीकडे, अशाच एका ट्रॉलीवर, मागून.
हे प्रबंधात नाही.

लोक सुचवतात, सोलापूरची पोर तू,
हवेत धागे विणते म्हण,
भाषणात चादरीचं काहीतरी टाक.
नाही टाकत.
धागा तुटला तर बोटाला कळतं, गाठ मारता येते.
माझं कुठे तुटलं
ते दुसऱ्या दिवशी संगणक सांगतो.

मलकारी हाक्के, सात नंबरचा ट्रॅक्टर,
तीन आठवडे माझ्याकडे नुसता बघत होता.
मग तंबाखू थुंकून म्हणाला,
‘म्याडम, ऊस आडवा येतोय तर वरनं बोलू द्या की त्याला.
ऊस काय खाली व्हायचा न्हाई. खोकं वर चढवा.’
आणि कुठून तरी बांबू घेऊन आला.
सुतळी, रबराची पट्टी, वर माझा अँटेना,
विजेच्या तारांखाली चार हात राखून.
बांबू डुलू लागला तसा तो मागे सरून बघत राहिला,
गड्ड्याला नंदीध्वज पेलताना
पोरं ज्या नजरेनं शेंडा बघतात, तसा.

हजारात अडुसष्ट.
सरांना फोन केला. ते गप्प राहिले,
मग विचारलं, बांबूचा खर्च कशात दाखवायचा?

आता वळणाआधीच बसला कळतं, पुढे ट्रॉली आहे.
ड्रायव्हर पाय उचलतो. करकचून ब्रेक नाही,
पुन्हा पहिल्या गिअरमधून हुंदके नाहीत.
फेरीला घोटभर डिझेल वाचतं.
घोटभरच. तक्त्यात ते दशांश चिन्हानंतर येतं.

मलकारीनं एकदा विचारलं,
‘ह्यात माझं नाव जातंय का?’
नाही, म्हटलं. फक्त क्रमांक.
‘सात?’
सात.
‘मग साताकडं ध्यान ठेवा,’ म्हणाला,
आणि क्लच सोडला.

रात्री साडेअकरा. आसरा चौकाच्या पुढे,
माझ्या गुडघ्यावर लॅपटॉप,
उन्हाळ्यासारखा तापलेला.
सात. सात. सात.
मग काहीच नाही.

मी स्क्रीन सोडून रस्त्याकडे बघते.
घशात आईच्या सुपातली तंबाखू दाटते.

सात.