आकडा कोनाले सांगू नये

रात्री दीड वाजता तीस हजार जण आले
सर्व्हरच्या दारात, एकाच वेळी.
माणसं नव्हती ती.
भूक नव्हती त्यांना, कामही नव्हतं,
नुसतं दार ठोकत राहिले
आणि आतलं धान दबून गेलं:
हिरानक्खी, लुचई, कालीकमोद,
साडेचारशे वाण.
कोणता कुठल्या बांधीत टाकायचा, कोणता किती पाण्याला लवतो,
सगळं सयत्राबाई वलथरेच्या तोंडून,
चार उन्हाळे तिच्या ओसरीवर बसून मी भरलेलं.

सकाळी उघडलं तर पांढरा पडदा.

म्हणून आज पंचायतीच्या मागच्या खोलीत,
जिथे वायफाय खिडकीच्या तिसऱ्या गजापाशीच पकडतं,
मी राखणदार नेमते आहे.
तो म्हणतो, सगळं पाणी एका तलावात ठेवू नका.
खरं तर तो इंग्रजीत काहीतरी म्हणतो,
पण मी मामा तलावाच्या पाटकऱ्याची पोर,
मला असंच ऐकू येतं.
जागोजागी बोड्या बांधू, म्हणतो,
मुंबईत एक, चेन्नईत एक, सिंगापुरात एक,
ज्याला तहान लागेल त्याला जवळच्या बोडीतलं.
आणि वाटेवर मी बसेन.
येईल त्याला विचारेन, माणूस आहेस का.

त्यानं दोन नावं दिली.
जुनी खोडा, ही लिहा. एवढंच काम.
पण खोडण्याआधी आकडा लागतो,
आणि आकडा गेला सयत्राबाईच्या बटनाच्या फोनवर,
कारण चार वर्षांपूर्वी नोंदणी करताना
माझं रिचार्ज संपलं होतं.

दहा मिनिटांची मुदत.
ती रोवण्यात, गुडघाभर चिखलात.

— मावशी, मेसेज आला असन. त्यातला आकडा सांग.
— नाही सांगत. ब्यांकेवाला सांगून गेला,
आकडा कोनाले सांगाचा नाही.
— अवो, मी निरूपा.
— आवाज तं कोनीबी काढते.
सांग बरं, माही शेरी कोन्त्या रंगाची?

— काळी. कपाळावर चंद्री. डावा कान फाटका.

तिकडे पाण्याचा आवाज. कोणीतरी हसलं.
— ते तं मंडईच्या टायमाले विकली.
आता पांढरी हाये.

माझ्या पोटात गोळा. सहा मिनिटं.

— पन चोराले पांढरीच दिसली असती, ती म्हणाली.
काळी तुलेच ठावं.

आकडे तिला वाचता येत नाहीत.
फोन ठेवला, पाहिलं, पुन्हा लावला,
आणि ती चित्रं सांगू लागली, मी उतरवू लागले:
बगळा.
विळा.
बांगडी.
आखीन बांगडी.
काठी.
मंग खुर्ची, पन उलटी.

दोन सात शून्य शून्य एक चार.
उघडलं.

आता थांबायचं.
अठ्ठेचाळीस तासही लागू शकतात, असं लिहून येतं.
बाबा तुडूम उघडून घरी यायचे, जेवायचे, झोपायचे,
आणि शेवटच्या बांधीवाला रात्री दार वाजवायचा,
पाणी नाही आलं म्हणून.
येते, म्हणायचे बाबा. निंघालं हाये.
चेन्नईहून भाचा म्हणतो, नवं दिसतंय.
गोंदियाच्या बसमधला माणूस म्हणतो, अजून पांढरंच.
दोघंही खरं बोलतात.

तिसऱ्या दिवशी सयत्राबाई स्वतः आली, पायाला चिखल तसाच.
दोनशे बारावा वाण चुकला म्हणे,
लुचई म्हटलं ते गुरमट्या होतं,
रातभर झोप नाही लागली.
मी नीट केलं, तिला ऐकवलं.
सिंगापुरात मात्र ती अजून लुचईच म्हणते आहे,
ठासून, मान हलवून.

सगळ्या बोड्या रिकाम्या करा, असं एक बटन आहे.
दाबते उद्या.
आज दीड वाजेपर्यंत जागायचंय.
कोण कोण येतं ते पाहायचंय,
आणि राखणदार त्यांना नेमकं काय विचारतो.
शेरीचा रंग तर त्याला ठाऊक नाही.