चाकाखालचा दगड

भद्रकालीच्या मागे, हकीमुद्दीनशेठच्या बर्फाच्या कारखान्यात
पहाटे चारला साच्यातून लाद्या सुटतात
आणि मी काँप्रेसरला कान लावून बसतो.
तेरा महिने तिकडे होतो, पार दक्षिणेच्या टोकाला,
जनरेटर सांभाळायला.
परत आलो तर नोकरी मिळाली ती पुन्हा बर्फाचीच.
कोठुळे म्हणतो, तुझ्या पत्रिकेत शनी नाही, फ्रीज आहे.

इथे अमोनिया, ओलं गोणपाट, मासळीच्या टोपल्या.
तिथे वासच नव्हता कशाला, डिझेल सोडून.
पण रात्री बर्फ कुरकुरायचं,
जुन्या पलंगावर कुणी कूस बदलावी तसं.
नेगीसाहेब म्हणायचे, ऐक.
वरून ऊन लागतं ते सगळ्यांना दिसतं,
खालून कोमट समुद्र चाटतोय.
कोमट म्हणजे किती?
शून्याच्या वर एक.
मी हसलो होतो.
आमच्या नाशकात एप्रिलमध्ये एक डिग्री
पंख्यालासुद्धा कळत नाही.

बांबू रोवले होते बर्फात, खुणा केलेले.
म्हटलं, साहेब, आमच्या गोदाघाटावर हेच काम
दुतोंड्या मारुती करतो.
पाणी गुडघ्याला, कमरेला, छातीला,
गावभर बातमी देवाच्या अंगावरून चढत जाते.
गळ्याला लागलं की सराफ बाजारात
पेट्या वरच्या मजल्यावर.
ते लिहिता लिहिता थांबले.
आणि पूर ओसरल्यावर?
ओसरल्यावर काय, चिखल धुतो, शेंदूर लावतो.
त्यांनी वही मिटली.
त्या दिवशी जेवताना काही बोलले नाहीत.

परवा शेठची नात आली, अरवा, आठवीतली.
उसाच्या रसाचा ग्लास समोर धरून म्हणाली,
काका, हा खडा विरघळला तरी रस सांडत नाही.
मग समुद्रावर तरंगणारं बर्फ फुटलं तर
पाणी वाढेल कशाला?
पोरगी बरोबर होती.
मी म्हटलं, कसारा घाट पाहिलास?
कांद्याचा ट्रक चढावर बंद पडतो,
क्लीनर उडी मारून मागच्या चाकाखाली दगड सारतो.
दगडाचं वजन ते किती!
पण काढून बघ.
ते तरंगणारं बर्फ म्हणजे दगड,
आणि ट्रक अख्ख्या डोंगराएवढा, जमिनीवर थांबलेला.
तिने रस संपवला.
मग विचारलं, दगड कुणी काढला?

काँप्रेसर दमल्यासारखा धापा टाकत होता.
समोरचा शिंपी रोज ओरडतो,
तुमची लादी जितकी गार, तितकी आमची गल्ली गरम.

तिथल्या कपाटात दोन वह्या असायच्या.
नेगीसाहेबांची, बर्फ किती गेलं त्याची.
आणि माझी,
पिंपं किती जाळली त्याची.
शेजारी शेजारी, एकाच रबरात बांधलेल्या.
तेरा महिन्यांत
दोन्ही एकदम उघडून पाहिल्याचं
मला तरी आठवत नाही.

अरवाला हे सांगितलं नाही.
सहा वाजता टेम्पो लागतो, लाद्या चढतात,
दारातून पाण्याची एक रेघ
उताराने गोदेच्या दिशेला निघते.
मी चप्पल आडवी लावून बघतो.
ती थांबते जरा,
फुगते,
आणि टाचेकडून वळसा घालून जाते.