घट्टा

पेटी उघडली तेव्हा आधी वास आला
ताडाच्या गुळाचा, जळका, किंचित खारट.
मग कागद.

सगळ्यात तळाशी पावती: झाडं बावीस,
झाडामागे कर इतका, भरणार पेच्चिमुत्तू.
पुढे जातीचं नाव.
ते नाव आमच्या घरात कुणी घेत नाही.
कुणीतरी नखाने त्यावर चुना फासलाय,
आणि चुन्याचे पोपडे उडून
आतलं अक्षर पुन्हा वर आलंय.

पेच्चिमुत्तू म्हणजे माझे पणजोबा.
तिरुचेंदूरकडच्या तांबड्या वाळूत त्यांची बावीस झाडं,
पहाटे झाडावर, दुपारी झाडावर, दिवेलागणीला झाडावर.
छाती खोडाला घासून घासून
तिथे तळपायासारखी कातडी झालेली.
बाबा सांगायचे, त्यावर टिचकी मारली
की करवंटीसारखा आवाज यायचा
आणि म्हातारा हसायचा.

देवळाच्या रस्त्यावर पाऊल टाकायचं नाही, असा दंडक.
झाडावरून मात्र कळस दिसायचा.
रोज तीनदा,
खालून हात जोडणाऱ्या कुणाहीपेक्षा स्पष्ट.

पुढे धाकटा भाऊ गुळाची गाडी घेऊन उत्तरेला गेला,
विरुदुनगरला. गाडीचं दुकान झालं.
घरोघरी चुलीवर भात चढवण्याआधी
मूठभर तांदूळ बाजूला निघायचे;
त्या मुठींची शाळा झाली, विहीर झाली,
आणि एके वर्षी जातपंचायतीने पुस्तक छापलं:
आपण पांड्य राजांचे वंशज.
गावी येऊन ते पणजीला वाचून दाखवलं.
इसक्कियम्माळ मडकं घासत होती. म्हणाली,
राजे आहोत ना?
मग ह्यांना आधी खाली उतरायला सांगा.

शिरगणतीचा कारकून आला तेव्हा
आजोबा वेलायुदम सोळा वर्षांचे, त्या मुठीच्या शाळेतले.
कारकुनाने जुनं नाव लिहायला टाक उचलला.
आजोबांनी दौत उचलून आपल्याकडे घेतली.
म्हणाले, नाडार लिहिणार असाल तर शाई आहे.

(ही गोष्ट दर लग्नात थोडी वाढली.
माझ्या लग्नापर्यंत कारकून गोरा झाला होता
आणि घोड्यावर बसला होता.)

बाबांचं नाव जयपांडियन. सिंहासन बारशालाच मिळालेलं.
काडेपेटीचा कारखाना, दारात दोन दगडी सिंह,
आणि आत पोरी, आमच्या नव्हेत,
गुलाला माखलेल्या बोटांनी पेट्या भरणाऱ्या.

मी सात वर्षांची होते.
त्यातल्या एकीला, करुप्पायीच्या मुलीला,
मी विहिरीवर ओंजळीत पाणी ओतलं.
आत्या धावत आली. मला काही बोलली नाही.
पोहरा धुतला, मग दोर धुतला, वीत वीत करून,
आणि ती मुलगी ओल्या हनुवटीने बघत उभी.

मुठीमुठीने बांधलेली विहीर होती ती.
मूठ मिटली कधी, आमच्यातल्या कुणाला कळलंच नाही.
किंवा कळलं होतं.

आता मी चेन्नईत. जे. पोन्मणी.
आडनाव लावायचं नाही, ही इथली रीत;
जात विचारणं असभ्य मानतात,
आणि घर भाड्याने देताना
कुठल्या गावच्या, एवढंच विचारतात.

काल रात्री अगिलनचा कॉलेजचा अर्ज भरत होतो.
पडद्यावर सरकारी यादी उघडली.
आमचं नाव सापडलं. त्याला लागूनच,
त्याच ओळीत, स्वल्पविरामानंतर,
ते दुसरं.
वेगळं निवडता येत नाही. एकावर बोट ठेवलं
की दोन्ही निळी होतात.

अगिलन म्हणाला, अम्मा, हे पुढचे कोण?

शंभर वर्षांचा चुना माझ्या जिभेवर.
पेटी तशीच उघडी पडली होती.
म्हटलं, तुझे खापरपणजोबा.
रोज तीनदा कळस बघून यायचे.

मग त्याचा हात धरून
माझ्या छातीच्या हाडावर टिचकी मारायला लावली.
काही आवाज आला नाही.