कोपऱ्यातला हात

भिवापूरच्या सातऱ्यावर
दहाच्या आतच ऊन लाल होतं.
आम्ही देठ खुडतो, किलोवर,
आणि पाळीपाळीनं खोकतो.

पेपर येतो तो कालचा,
कुणाच्या तरी भाकरीभोवती,
तेलाच्या डागातून दिसेल तेवढा.
मी सातवी झालेली, म्हणून मी वाचते:
'नाल्यात सायकलसह पडून इसम जखमी.'
इसम! बायका फिसकन हसतात.
अवो, तो आपला दौलत नन्नावरे,
साळ्याच्या साक्षगंधाहून येत होता
हँडलला जिता कोंबडा टांगून.
कोंबड्याचं पेपरात काहीच नाही.
तो अजून पऱ्हाटीत आहे, पहाटे आरवतो.

खाली: 'गावाला बोअरवेल मंजूर.'
"कोणत्या सालची, थे वाच ना बाई."
नेमका तिथंच डाग.

पान उलटलं, तर फोटो:
'लाल मिरचीची विक्रमी आवक.'
ढीगच ढीग, पुढे दोन व्यापारी हसरे,
आणि कडेला, कापला गेलेला, एक हात.
पंचफुलाबाईनं कागद हिसकून घेतला,
डोळ्यांजवळ नेला, लांब नेला.
"हे करंगळी पाह्य. इळ्यानं गेलेली.
माहाच हात हाये वं हा."

कुणी म्हणालं, चौकटीत लाव.
कुणी म्हणालं, सेठले पैसे माग फोटोचे.
ती बोलली नाही.
डोळ्यांत पाणी होतं, ते तर इथं सगळ्यांच्याच असतं,
आणि त्या हातानं पुसता येत नाही.

संध्याकाळी काटा आला.
तिचे अकरा किलो, माझे नऊ.
कागद काही तिनं परत दिला नाही.
उद्या भाकर कशात आणू, विचारलं,
तर पदर दाखवला.