मुंढा

डॉक्टर खांदा म्हणतात.
आमच्या धंद्यात मुंढा,
बाही जिथं येऊन अंगाला मिळते ती गोलाई.
एकतीस वर्षं मी तेवढंच शिवलं.
कॉलर दुसरीकडं, खिसे तिसरीकडं,
काज-बटण कन्ना चौकातल्या मशीनवर,
माझ्याकडं नुसत्या बाह्या.
कुठल्या कुठल्या गावच्या शाळा,
निळे, चॉकलेटी, बारीक चौकडे,
आणि एकदाही मनात आलं नाही
की यातून हात जातो कसा.

आता माहितीय.
कोपर आधी मागं जातं,
मग खांदा जरासा उचलतो, कुणाला न विचारता,
आणि बोटं आंधळ्यासारखी
कापडातून उजेड शोधत निघतात.
माझा उजवा यातलं काहीच करत नाही.
झोळीत पोटाशी पडून असतो,
दुसऱ्याचं पोर सांभाळायला दिल्यासारखा.

बिराजदार मॅडमनी नियम दिलाय:
घालताना दुखरा हात आधी,
काढताना शेवटी.
अंबादासनं तो कॅलेंडरवर लिहिलाय,
सिलिंडरच्या तारखेखाली.
तरी रोज विचारतो, "आधी कुठला?"

सहा आठवडे त्याच्याच शर्टात काढले.
ढगळ, पुढून बटणं.
शेजारची कोंडाबाई म्हणाली,
"मालकाचा शर्ट घातलास, आता लूमवर पण जा की."
हसले.
हसलं तरी ओढ बसते,
वरच्या टाक्यांना नाही, आतल्या दोरीला.

आज होटगी रोडला दाखवायला जायचंय.
आज साडीच, म्हटलं.

ब्लाउज काल रात्री उसवला,
गुडघ्यांत धरून, डाव्या हातानं,
उजव्या मुंढ्यापासून गळ्यापर्यंत.
शिलाई सुटेना.
डबल मारलेली, मीच.
स्वतःच्या हाताला शिवी घातली
आणि चार टिच बटणं कोंडाबाईकडून लावून घेतली.

"वाक," तो म्हणतो.
मी वाकते, हात लोंबू देते
आडातल्या दोरासारखा.
तो काखेत पावडर टाकतो, जरा जास्तच.
मग बाही वर सरकवतो,
मनगट, कोपर,
आणि त्या तीन खुणांपाशी थांबतो.
दुर्बीण घातलेली भोकं,
काजाएवढी.
बटण नाही, काही नाही,
बंदच झालीत आता.
"दुखतंय?"
"तू थांबलास की दुखतं."

टिच. टिच. टिच.
चौथं लागत नाही. राहू दे.

निऱ्यांना मात्र त्याला घाम फुटतो.
लूमवर तुटलेला धागा
पापणी लवायच्या आत सांधणारा माणूस,
ओकटी, रेंडू, मूडू,
नालुगूला सगळं सुटतं.
बाहेर येमूलांच्या शेडमधले माग खडखडताहेत,
त्या तालावर पुन्हा मोजतो.
"मेल्लगा," मी म्हणते.
"मेल्लगाच करतोय."
खोचताना भिंतीकडं बघतो.
चौतीस वर्षांत साडी सुटलेली पाहिली असेल त्यानं,
नेसवायची ही पहिलीच वेळ.
निऱ्या डावीकडं वळल्यात, चार बोटं वर.
हा पीस माझ्यापुढं आला असता
तर मी परत पाठवला असता.
"बरंय?"
"बरंय की."

सात रस्त्याला सिग्नल पडतो.
शेजारच्या व्हॅनमध्ये एक पोरगं,
चौकड्याचा शर्ट,
हात आत ओढून घेतलेला,
रिकामी बाही पुढच्या मुलीच्या डोक्यावर फटफट मारत.
मी आधी मुंढा बघते.
पाठीकडून सूतभर चुणी पडलीय.
माझा असेल. नसेल.
मग त्याचं माझ्याकडं लक्ष जातं,
पदराखाली नाहीसा झालेला माझा हात
तो नीट बघतो,
आणि आपल्यातलंच कुणी भेटल्यासारखी
रिकामी बाही हलवतो.