घंगाळाचा आकडा

जगातल्या प्रत्येक वस्तूला एक आकडा असतो
हे मला सदतिसाव्या वर्षी, रात्री पावणेबाराला,
तांबट आळीतल्या दुकानाच्या माळ्यावर कळलं.
चमच्याला आहे. घंटेला आहे.
माणसाच्या केसांच्या टोपालासुद्धा आहे.
मी घंगाळाचा शोधत होते.

चौऱ्याहत्तर-अठरा : तांब्याची घरगुती भांडी.
पुढे वाट फुटते,
स्वयंपाकघरातलं असेल तर दहा,
न्हाणीघरातलं असेल तर वीस.
खाली वामनकाका मठारत बसलेले.
जिन्यावरून विचारलं, काका, घंगाळ कशात धरायचं?
ठोका चुकला नाही.
"दोन्ही कानांत धरायचं. बी.कॉम. ना तू?"

पण तालिनच्या बाईंनी लिहिलं होतं,
बाटल्या गार ठेवायला हवंय.
हे मी काकांना सांगितलं नाही.

इथे घंगाळ आता रुखवतात मांडतात,
तळहाताएवढं, शेजारी तेवढाच बंब.
बाहुलीची आंघोळ.
म्हणून मी रात्री तक्ते उघडते,
कुठल्या देशाने किती किलो तांबं घेतलं, कुणाकडून,
सगळं फुकट, सगळं उघड्यावर,
भाजीबाजारात पाट्या मांडाव्यात तसं.
मोठ्या आकड्यांपाशी मोठे लोक उभे असतात.
मी खालून वर वाचते.

पहिल्या गिऱ्हाइकाने दोन कंटेनर मागितले
आणि भाव विचारला नाही.
भाव न विचारणारा माणूस आळीत कुणी पाहिलेला नाही.
नकाशात त्याच्या पत्त्यावर जाऊन उभी राहिले :
बंद लाँड्री, दाराला फळी,
फळीवर कुणाचं तरी हरवलेलं मांजर.

तालिनच्या पत्त्यावर दुकान होतं.
दाराला टेकवलेली सायकल,
काच पुसणारी एक बाई, चेहरा धूसर केलेला.
मी काकांना वर बोलावलं.
गुडघे धरत आले, चष्मा लावला,
त्या रस्त्यावरून बोटाने दोनदा फिरून आले.
मग विचारलं, "पाणी कसंय तिकडचं? जड का हलकं?"

हा प्रश्न कुठल्याच अर्जात नव्हता.
शोधला. त्या गावाच्या पाणीखात्याने
वॉर्डावार लिहून ठेवलं होतं.
मध्यम, म्हटलं.
काका म्हणाले, मग बुडाला पत्रा जरा जाड घेऊ,
आणि आतून कल्हई नको, तांबं दिसू दे.

पुढचं काही सुरेख नाही.
परवाना क्रमांक, बँकेचं पत्र,
शिशाच्या तपासणीला सातपूरला तीन खेपा.
पेंढ्यात बांधलं होतं, ते सोडलं,
गवताला सरहद्द ओलांडता येत नाही
हेही कुठेतरी लिहिलेलं होतं आणि मी उशिरा वाचलं.
भद्रकालीतून रद्दीचा कागद आणला.
लाकडी खोक्याला भट्टीचा शिक्का लागतो म्हणे,
तो नव्हता, म्हणून पुठ्ठ्याची खोकी.
"वस्तूचा उपयोग" या रकान्यापाशी
मी अर्धा तास बसून होते.
शेवटी लिहिलं : पाणी ठेवणे.
बर्फही पाणीच. खोटं नाही.

सहा घंगाळं ओझरवरून गेली.
काकांनी प्रत्येकाच्या कानामागे
पोगराने पाच ठिपके मारले होते, वडिलांची खूण.
त्यांना कुठल्या तक्त्यात आकडा नाही.

पैसे आले. वजावट होऊन, थोडे कमी.
मग मार्गशीर्षातल्या एका सकाळी फोटो आला.
बाईंनी एक घंगाळ दुकानाच्या पायरीवर ठेवलेलं,
रात्रभर हिमवृष्टी झालेली,
काठोकाठ भरलेलं, कानांवरही पांढरं.

मी फोन काकांपुढे धरला.
त्यांनी हातोडी खाली ठेवली.
आता सांगावंच लागणार होतं, बाटल्यांचं वगैरे.
ते बराच वेळ बघत राहिले.

"विसण फार घातलंय गं हिने," म्हणाले,
"बंब विचारून बघ. बंबाचा आकडा काय?"