पान एकोणीस

आमच्या लायब्ररीतलं गुपित
पान एकोणीसवर राहतं.

तिथे आकड्याखाली, शिसपेन्सिलीनं,
लोक आपापली खूण करून ठेवतात.
हे वाचलंय, पुन्हा न्यायचं नाही, एवढाच अर्थ.
मुखपृष्ठावरून काही कळायची सोय नाही:
सगळीकडे तोच चंद्र, तोच उघड्या छातीचा इसम,
धुकं, आणि रात्री एकटीच निघालेली बाई,
जिच्या अंगावर कोट नाही.
इथे फ्लिन फ्लॉनला उणे अडतीस.
ती पहिल्या प्रकरणातच गेली असती,
खुनी लागलाच नसता.

मी हसायचे.
ग्रंथपालाला हसायचा पगार नसतो,
ते आम्ही फुकट करतो.

चंद्रकोर म्हणजे डेल्फिन.
रात्रपाळीला इमर्जन्सीचे फोन घेते.
एकदा दारातच बूट झटकत म्हणाली,
"फोन मधेच तुटतो गं,
आणि पुढे काय झालं ते मला कुणी सांगत नाही.
गाडी पोचली, फाइल बंद.
पुस्तकात सांगतात.
शेवटच्या पानावर का होईना, सांगतात.
शिवाय पुस्तकातला व्हॅम्पायर उंबऱ्यावर थांबतो,
या म्हटल्याशिवाय आत पाऊल टाकत नाही.
मला फोन येतात
ते न विचारता आत शिरलेल्यांबद्दल."

त्या दिवसापासून हसणं बंद केलं असं नाही.
कमी केलं.

टिंब म्हणजे वेंडेल.
तीस वर्षं खाणीची लिफ्ट चालवली,
माणसं मोजून खाली सोडली, मोजून वर घेतली.
एका दिवशी एक कमी भरला,
त्याबद्दल तो बोलत नाही.
पुस्तकं नेतो ती बहिणीसाठी.
वेंडेलला बहीण नाही, हे गावाला माहीत आहे,
आणि गाव त्याला बहिणीची खुशाली विचारतं.

फुली म्हणजे स्तेफानिया हरासिम.
तिला फक्त भुतं लागायची.
"लांडग्यांचे केस गळतात," म्हणायची,
"लग्नानंतर झाडायचे कुणी?"
भूत बरं. दिवसा घरात मधे मधे येत नाही,
रात्री मात्र नेमकं येतं.
तिची फुली इतकी हलकी
की पान दिव्याकडे तिरकं धरावं लागे.

टिंब नेहमी फुलीच्या उजवीकडे,
मधे तांदळाचा एक दाणा मावेल एवढी जागा.
काउंटरवर दोघं बोलायची ती बर्फाबद्दल.

ऑक्टोबरात स्तेफानिया गेली.

परवा विनिपेगहून नवं खोकं आलं.
चिकटपट्टी मी कापली, शिक्के मी मारले,
मागच्या खोलीला कुलूप, किल्ली माझ्या गळ्यात,
दुसरी हरवून चार वर्षं झाली.
आज सहज एक उघडलं.
कोऱ्या शाईचा वास, पान एकोणीस,
आणि फुली.
हलकी.

मंगळवारी वेंडेल हीटर बघायला आला होता.
मागच्या खोलीत दहा मिनिटं. बारा असतील.
खोकं तेव्हा उघडलेलं होतं का?
आठवत नाही, आणि आठवायचा प्रयत्न
मी फारसा करत नाहीये.
शेजारी टिंब असतं तर प्रकरण मिटलं असतं.
टिंब नाही.
पण फुलीच्या उजवीकडे जागा सोडली आहे, असं वाटतं.
नुसतं कोरं पान आणि सोडलेली जागा,
यांतला फरक कसा ओळखायचा,
हे ग्रंथालयशास्त्रात शिकवत नाहीत.

खोडरबर ड्रॉवरमध्ये आहे. तिथेच बरा.

आठ वाजून गेले, दिवे निम्मे मालवले,
आणि मी कोट घालून काउंटरमागे बसले आहे,
पान विसावर.
विहिरीजवळ घर, घरात ती,
जिन्यावर पाऊल, ते कुणाचं ते अजून कळलेलं नाही.
कळेल. अजून तीनशे पानं आहेत.

बाहेर कुणीतरी बूट झटकतंय.
दार नुसतं ढकललं की उघडतं,
गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.
तरी ते उंबऱ्याशीच थांबलंय.